जांभळ्या दोऱ्याची चिठ्ठी

१

लग्न तीन दिवसांवर आलेलं आणि नवरीचा शालू गायब. बरं, नेला कुणी? तर नवरीच्या आईनं. आणि नवरीची आई रत्नम्माबाई तर मागच्या श्रावणातच गेलेली. आता बोला!

सोमवारी सकाळी लातूरच्या गंजगोलाईत, खाजाचाचा रफूगराच्या दुकानापुढं हा गोंधळ सुरू झाला तेव्हा उज्वलाबाई वरच्या भाड्याच्या खोलीत चहा गाळत होत्या. गाळणी तशीच टाकून त्या जिना उतरल्या. खाली एवढा आरडाओरडा चाललाय आणि आपण वर निवांत चहा प्यायचा, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

या उज्वलाबाईंची ओळख आधी करून देतो. कोकणातल्या एका एसटी स्थानकावर ‘चौकशी’ अशी पाटी असलेल्या खिडकीत बावीस वर्षं बसलेली ही बाई. माहेर लातूरजवळच्या मुरुडचं, पण मुरुड सुटून छत्तीस वर्षं झालेली. नवरा गेला, नोकरी संपली, कोकणच्या दमट हवेत गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या सरळ लातूरला आल्या आणि गोलाईत खोली घेऊन राहिल्या. लोक म्हणाले, एवढ्या गर्दीत कशाला? बाई म्हणाल्या, गर्दीशिवाय मला झोप येत नाही.

गोलाईला सोळा रस्ते फुटतात. बाईंनी ठरवलं, रोज एक रस्ता पायी बघायचा. मिरच्यांचा बघितला, शिंका देऊन आल्या. भांड्यांचा बघितला, दिवसभर कानात ठणठण. पाचव्या दिवशी बांगड्यांचा रस्ता. तिथं धोंडाबाई कासारणीनं नुसतं लांबून मनगट बघून सांगितलं, “दोन-सहा. या, बसा.” आणि नको नको म्हणताना दोन तपकिरी बांगड्या हातात चढवल्या सुद्धा. आज चौदावा रस्ता बघायचा होता. तो राहिला.

दुकानापुढं एक ठसठशीत बाई हातातली चिठ्ठी नाचवत होती. ती नवरीची अंजूमामी. माहेर सांगलीचं, संसार पुण्याचा.

“अहो, काय सांगायचं! रत्नावन्संच्या कपाटात ही चिठ्ठी सापडली. शालू रफूला टाकल्याची. म्हणून न्यायला आलो. तर हे म्हणतात, परवा रत्नावन्सं स्वतः आल्या आणि घेऊन गेल्या! परवा! ज्या बाईला जाऊन आठ महिने झाले ती परवा येते?”

मामीच्या मागं सुकन्या उभी होती. सत्तावीसेक वर्षांची पोर, बँकेत नोकरी करणारी. आईचा शालू नेसून बोहल्यावर उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट तिनं लग्नात मागितली होती.

आणि खाजाचाचा? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, साठ वर्षं सुई हातात धरलेला, डोळ्यांत मोतीबिंदू. तो शालूचं बोलतच नव्हता. पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होता, “रत्नम्माबाई गेल्या? मेरेकू कोई बोल्या नै. कब गेल्या?”

“बघा,” मामी म्हणाली, “यांना काही आठवतच नाही.”

आतून चाचांची सून नाजिया आली. तिनं हे सगळं ऐकलं आणि सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “अब्बा, बस झालं आता. गुरुवारपासून दुकानाचं शटर खाली.”

चाचांच्या हातातली सुई खाली पडली. ती कुणालाच सापडेना.

२

उज्वलाबाईंना रात्रभर चैन पडली नाही. गोलाईतला पहिला कप चहा त्यांना चाचांनी पाजला होता. त्यांच्या जुन्या शालीला भोक पडलं होतं, ते चाचांनी असं भरलं की बाईंनाच जागा सापडेना. वर त्यांचीच चिठ्ठी राखाडी दोऱ्याचा एक टाका घालून परत दिली होती. “ठेवा. फिरून फाटली तर दोऱ्याचा रंग हुडकायला नको.” असा माणूस आणि त्याला वेडा ठरवून घरी बसवायचं? बाईंना रागच आला.

मामीची अक्कल मात्र धावत होती. तिचं म्हणणं असं : कुणीतरी लबाड बाई शनिवारी आली, ‘मी रत्नम्मा’ म्हणाली, आणि या आंधळ्यानं शालू देऊन टाकला. सोमवारच्या परवा म्हणजे शनिवार. सगळी गल्ली शनिवारच्या मागं लागली.

मंगळवारी सकाळी बाई पहिल्यांदा बजरंगकडं गेल्या. बजरंग म्हणजे दुकानाच्या पायरीला टेकून इस्त्रीची गाडी लावणारा. शनिवारी तो जांभळं गाठोडं घेऊन जाताना दोघांनी बघितलं होतं, आणि शालू जांभळाच.

“बजरंग, गाठोड्यात काय होतं?”

“पडदा हुता, ताई!” बजरंग इस्त्री आपटून म्हणाला. “मांडववाल्याचा. चार तास प्रेस करून राहिलो त्येला. तुमाला दावू का? ह्यो बघा, फोटो काढलाय. आता पडद्याचाबी हिशेब द्यायचा का लोकांला?”

फोटोत खरंच पडदा होता, भला मोठा, झालर लावलेला. त्यात सहा सुकन्या मावल्या असत्या.

“शनिवारी कुणी बाई आली होती चाचांकडं?”

“शनिवारी चाचा बसलेच न्हाईत की. गुडघा धरला हुता. दुकान दिवसभर बंद.” बजरंगचा आवाज उतरला. “ताई, म्हातारा खोटं बोलत न्हाई वो. पर ह्ये काय बोलून राहिला ते बी कळंना.”

दुकान बंद! म्हणजे शनिवारी शालू कुणाला दिलेलाच नाही. मग चाचा शनिवारचं का सांगतात?

बाई माडीवर न जाता नाजियाच्या स्वयंपाकघरात शिरल्या. नाजिया भाकरी कुस्करून दुधात कालवत होती.

“अब्बांनी कालपासून घास घेतला नाही,” ती म्हणाली. “लोक म्हणतील, सुनेला दुकानाची जागा पाहिजे. म्हणू द्या. पण आपा, मागच्या आठवड्यात त्यांचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. आता मेलेली माणसं येऊन जातात म्हणतात. उद्या रस्त्यावर निघून गेले तर सोळा रस्त्यांत मी कुठं हुडकू? नांदेडहून आमच्या ह्यांचा फोन आला, आता दुकान बंद कर म्हणाले.” आणि ती पदराला डोळे पुसायला लागली.

जागा लाटणारी सून असं रडत नाही. बाईंनी नाजियाचं नाव मनातल्या यादीतून खोडलं.

“तू स्वतः विचारलंस त्यांना, कोण कधी आलं ते?”

“कशाला विचारू? त्या मामींनी सांगितलंच की. परवा म्हणून.”

बाई दारातच थबकल्या. सगळ्या गल्लीनं चाचांचं म्हणणं मामीच्या तोंडून ऐकलं होतं. खुद्द चाचांना कुणी विचारलंच नव्हतं.

३

खिडकीत बसून बसून बाई एक गोष्ट शिकल्या होत्या. माणूस धापा टाकत येतो आणि विचारतो, गाडी कुठं गेली? त्याला आधी विचारायचं, तुमची गाडी सुटायची कधी? वेळ नीट कळली की अर्ध्या गाड्या फलाटावरच उभ्या सापडतात.

चाचा बंद दुकानात अंधारात बसले होते. बाईंनी दिवा लावला, दुधाची वाटी पुढं केली आणि समोर बसकण मारली.

“चाचा, रत्नम्माबाई कधी आल्या होत्या?”

“परसों,” चाचा म्हणाले. “परसों आको लेको गए ना. कित्ते बार बोलू?”

परसों. बाईंच्या कानात काहीतरी खट्कन वाजलं.

पहिल्याच आठवड्यात त्या चाचांना म्हणाल्या होत्या, तुमच्या गल्लीत सावली नाही हो. चाचा म्हणाले होते, “कोपऱ्यावर कडुलिंबाचं मोठं झाड होतं ना, परसोंच तोडले.” बाई हळहळत बुंधा बघायला गेल्या. तिथं तीन मजली इमारत, जिन्याच्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या, गच्चीला शेवाळं. त्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

आता बाई पुढं सरकल्या.

“चाचा, शहजादीभाभींशी तुमचं लग्न कधी झालं?”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “शहजादी? अरे, परसोंच तो लाए उसकू इस घर में. लाल ओढणी होती. इसीच पायरीपर ठेच लागली.”

दारात उभी असलेली नाजिया भिंतीला टेकली. शहजादीभाभींना लग्न करून आणलं त्याला बावन्न वर्षं झाली होती.

“या अल्ला,” नाजिया म्हणाली. “परसों! आमच्यात परसों म्हणजे गेलेला कुठलाबी दिवस. माझी दादी पण असंच बोलायची. मला परसों कुणी सांगितलंच नाही हो, आपा. त्या परवा म्हणाल्या, परवा!”

झालं होतं ते एवढंच. चाचांनी दखनीत ‘परसों’ म्हटलं, सांगलीच्या मामीनं मराठीत त्याचा ‘परवा’ केला, आणि त्या एका शब्दापायी धडधाकट म्हातारा वेडा ठरला. रत्नम्माबाई आल्या होत्या, खऱ्याच आल्या होत्या. फक्त जिवंत असताना.

“पण मग चाचा, तुम्ही हे सोमवारीच का नाही सांगितलं?”

“क्या बोलू?” चाचा म्हणाले. “ती बाई बोलली, रत्नम्माबाई मर गए. बस. आगे मैं कुछ सुन्याच नै. जाताना मेरेकू बोले थे, चाचा, पोरीच्या लग्नाला यायचं.”

बाईंनी बजरंगला सुकन्याच्या घरी पिटाळलं. चिठ्ठी घेऊन लगेच ये म्हणावं. पण आता दुसराच प्रश्न उभा राहिला. आईनं शालू नेला, हे खरं. मग तो घरात का नाही?

४

सुकन्या आली, मागोमाग मामी आली. मामीला हे पटायला तयार नव्हतं. “परसों म्हणजे परवाच! आणि चिठ्ठी आमच्याकडं आहे त्याचं काय? माल परत घेतला की चिठ्ठी दुकानदार ठेवून घेतो.”

“द्या बघू इकडं,” बाई म्हणाल्या, आणि चिठ्ठी त्यांनी चाचांच्या हातात ठेवली.

कालपासून ती नुसती हवेत नाचली होती. चाचांच्या डोळ्यांना तशीही ती दिसली नसती. पण बोटांना दिसायला वेळ लागला नाही. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि तो एका जागी थांबला. तिथं जांभळ्या रेशमाचा एक टाका होता, घट्ट गाठ मारलेला.

“दिया ना!” म्हातारा ओरडलाच. “ये देखो, टाका! काम झालं, कपडा दिला की मैं टाका घालको चिठ्ठी परत देता. बिना टाक्याची चिठ्ठी म्हणजे कपडा माझ्याकडं. टाक्याची म्हणजे तुमच्याकडं!”

बाईंनी वरून आपल्या शालीची चिठ्ठी आणून शेजारी ठेवली. राखाडी टाका, तीच गाठ. मामीनं दोन्ही चिठ्ठ्या निरखून बघितल्या. तिला वाटलं होतं, तो दोरा कपाटात कुठंतरी अडकून आला असेल.

“मागं काहीतरी लिहिलंय,” सुकन्या म्हणाली. “२-४. अव्वाचं अक्षर आहे.” आईला ती अव्वा म्हणायची.

“ती तारीख,” मामी म्हणाली. “दोन एप्रिल. त्या दिवशी शालू टाकला असेल.”

उज्वलाबाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. पुढच्या बाजूला चाचांनी शालू घेतल्याची तारीख लिहिली होती, मागच्या वर्षीची अकरा मे. मग दोन एप्रिल कसलं? आणि दुसरी गोष्ट. चारचा आकडा गाठीपाशी येऊन जरासा वाकडा झाला होता, गाठीला वळसा घालून लिहावा तसा. म्हणजे हे लिहिलं तेव्हा टाका आधीच घातलेला होता. शालू परत मिळाल्यावर रत्नम्माबाईंनी हे लिहिलं.

“सुकन्या, आईनं शेवटच्या दिवसांत तुझ्या लग्नाचं काही काढलं होतं?”

“कधीच नाही. मी नोकरीला नवीन लागले होते. अव्वाला काय झालंय हे सुद्धा तिनं शेवटच्या महिन्यापर्यंत कळू दिलं नाही.” सुकन्या चिठ्ठीकडं बघत म्हणाली. “फक्त एकदा, मी झोपले होते, तर उशाशी काढून ठेवलेल्या माझ्या बांगड्या घेऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, झोप.”

बाईंनी आपल्या मनगटावरच्या तपकिरी बांगड्यांकडं बघितलं. मग मामीकडं वळल्या.

“मामी, लग्नाचा चुडा कुणाकडं भरला हिचा?”

“भरायचा कशाला त्या गर्दीत?” मामी जरा अभिमानानंच म्हणाली. “मी पुण्याहून सेट आणलाय की. मॅचिंग. छान डबीतला, दोन-चारच्या मापा...”

आणि मामीचं तोंड उघडंच राहिलं.

“दोन-चार,” उज्वलाबाई म्हणाल्या. “चला, चपला घाला.”

५

बांगड्यांच्या रस्त्याला संध्याकाळची गर्दी होती. बाई पुढं, मागं सुकन्या, तिच्या मागं मामी, आणि नाजियाचा हात धरून खाजाचाचा. घरी बसा म्हटलं तर ऐकेनात. बजरंग गाडी उघडी टाकून आला होता. वाटेत बाईंनी सगळं उलगडून सांगितलं.

“घरात शालू ठेवला असता तर पोरीला दिसला असता. आताच रफू कशाला केला म्हणून विचारलं असतं, आणि आजारपण बाहेर आलं असतं. मग ठेवायचा कुठं? रत्नम्माबाई जुन्या लातूरच्या. लग्न कधी का ठरेना, कुणाशी का ठरेना, नवरी चुडा भरायला आपल्या कासारणीकडं आल्याशिवाय राहत नाही, याची त्यांना खात्री. त्यासाठीच रात्री पोरीच्या बांगड्यांचं माप घेतलं, चिठ्ठीमागं लिहिलं आणि कासारणीला सांगून ठेवलं. फक्त चुडा पुण्याहून डबीत बसून येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.”

मामीनं सुकन्याचा दंड घट्ट धरला.

त्या रस्त्यावरची सगळ्यात जुनी कासारीण धोंडाबाई गिऱ्हाईक उरकत होती. सुकन्या पुढं झाली तशी तिनं चेहरा नाही बघितला, मनगट बघितलं.

“दोन-चार,” धोंडाबाई म्हणाली. मग मान वर केली. “रत्नम्माची गं तू?”

सुकन्यानं मान हलवली.

“किती वाट बघायला लावलीस, बाई! लगीन कधी?”

“परवा. गुरुवारी.”

“परवा! अन् आज येऊन राहिलीस? बस, बस हितं.” म्हातारीनं फडताळाच्या वरच्या कप्प्यातून पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं काढलं. सुकन्यानं हात पुढं केले, पण धोंडाबाईनं ते आपल्या मांडीखाली दाबलं. “हं हं. आधी हात भरायचा. मग गठुडं. तुझ्या आईनं बजावून सांगितलंय.”

“पण तिनं घरी का नाही...”

“इचारलं ना मी. म्हटलं, रत्नम्मा, असं का? तर म्हणाली, धोंडाबाई, लग्नाच्या घरात नवरी रडली की धा जण इचारतात, काय झालं, कुणी काय बोललं. तुमच्या म्होरं चुडा भरताना समद्याच पोरी रडतात. तिथं कुणी इचारत न्हाई. तिला माझी आठवण आली तर तिथं पोटभर रडू द्या.”

धोंडाबाईनं सुकन्याचा हात आपल्या हातात घेतला, हिरवी बांगडी बोटांवरून अलगद चढवली, आणि सुकन्या रडायला लागली. आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. रस्त्यावरून माणसं जात होती, शेजारच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. कुणी थांबलं नाही, कुणी विचारलं नाही. नवरी चुडा भरतेय, रडणारच. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःच जास्त रडत होती. उज्वलाबाईंनी चष्मा पुसला. बजरंग पडद्याचा फोटो उगाच पुन्हा बघत बसला.

हात भरून झाल्यावर गाठोडं सुटलं. जांभळा शालू घडी न मोडता तसाच होता. नाजियानं पदर हातभर उलगडून उजेडात धरला. भोक कुठं होतं ते कुणालाच दिसेना. सगळ्यांनी हुडकलं. शेवटी चाचांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि पदराच्या एका कोयरीवर थांबवलं.

“इदर,” ते म्हणाले. “इत्तासा होता.”

नाजियानं ती जागा डोळ्यांशी नेऊन बघितली, तरी तिला टाका दिसला नाही. मग ती सासऱ्याला म्हणाली, “अब्बा, गुरुवारी सकाळी दुकान उशिरा उघडा. लग्नाला जायचंय.”

“उघडू?” चाचांनी विचारलं.

“उघडायचं नाही तर काय! पण चष्मा गळ्यात दोरी घालून अडकवायचा. मी पुन्हा तांदूळ चाळणार नाही.”

परतताना सुकन्या चाचांच्या दुसऱ्या बाजूला चालत होती. गाठोडं छातीशी धरलेलं, हातातला चुडा वाजत होता. गोलाईच्या तोंडाशी म्हातारा थांबला.

“बेटी, मेरेकू कोई बोल्या नै,” तो पुन्हा म्हणाला. “अम्मी कब गए तेरे?”

सुकन्यानं तारीख सांगायला तोंड उघडलं. मग तिनं चाचांचा हात आपल्या हातात घेतला.

“परसों, चाचा,” ती म्हणाली. “परसोंच तर गेली.”